जुन्या घराचा जिना आणि पॅसेज: रंग व वॉलपेपरने नवे रूप कसे द्यावे

घर रंगवायला काढले की बहुतेक जण खोल्या आधी हाती घेतात आणि जिना व पॅसेज शेवटी, उरलेल्या रंगात उरकून टाकतात. वास्तविक घरातल्या प्रत्येकाची दिवसभर ये-जा होते ती याच जागेतून. माझ्या जुन्या घराचा जिना आणि पॅसेज मी स्वतः रंगवला आणि त्यातल्या एका भिंतीला वॉलपेपर लावला. ते करताना पडलेल्या प्रश्नांची उत्तरे मला वेगवेगळ्या जाणकारांकडून तुकड्यातुकड्यांनी मिळवावी लागली. हे काम प्रथमच करणाऱ्याला ती एका ठिकाणी आणि योग्य क्रमाने मिळावीत, यासाठी हा लेख आहे.

खोली रंगवण्याची पद्धत जिन्याला जशीच्या तशी लागू होत नाही, हे सुरुवातीलाच लक्षात घ्यावे. खोलीतले सामान हलवून दार लावून घेता येते. जिन्याची वाट मात्र काम चालू असतानाही उघडी ठेवावी लागते. खोलीत भिंतीपाशी सपाट जमीन असते. जिन्यात भिंत दोन मजले उंच जाते आणि शिडी टेकवायला खाली केवळ पायऱ्या असतात. म्हणून इथे छटा निवडण्याच्या आधी कामाचा क्रम ठरवावा लागतो. तो चुकला, तर उत्तम रंग आणि चांगला कागद दोन्ही वाया जातात.

१. आधी भिंत आणि लाकूड तपासा

ओल ही पहिली गोष्ट. भिंतीच्या खालच्या भागात पोपडे सुटले असतील किंवा पांढरी, खारट भुकटी म्हणजे लोणा आला असेल, तर त्यावर कोणताही रंग टिकणार नाही. शंका असेल तिथे साधारण हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक ते दोन दिवस तसाच ठेवावा. पाण्याचे थेंब प्लास्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला जमले तर ओल भिंतीतून येत आहे. ते बाहेरच्या पृष्ठभागावर जमले तर हवेतली वाफ थंड भिंतीवर साचत आहे. पहिल्या बाबतीत गळका नळ, फुटलेला पन्हाळ किंवा जमिनीतून चढणारी ओल यांपैकी खरे कारण शोधून ते आधी दुरुस्त करावे लागते. दुसऱ्या बाबतीत हवा खेळती ठेवण्याची सोय करावी लागते. ओल रोखण्यासाठी वरून जाड, हवाबंद रंग फासण्याचा सल्ला अनेकदा मिळतो, पण तो ऐकू नये. विशेषतः चुन्याच्या गिलाव्याच्या जुन्या भिंतींना आपली ओल हवेत सोडण्यासाठी वाट हवी असते. ती अडली की पाणी गिलाव्यातच साठते आणि काही काळाने रंग फुगून निघतो.

नंतर बोटांच्या सांध्यांनी भिंतीवर जागोजागी ठोकून पाहा. गिलावा विटेला धरून असेल तर आवाज भरीव येतो; सुटला असेल तर पोकळ येतो. पोकळ जागा लहान असेल तर तेवढाच गिलावा काढून नवा भरता येतो, आणि जुना गिलावा चुन्याचा असेल तर ठिगळही चुन्याचेच असावे, कारण सिमेंटचा कडक तुकडा मऊ गिलाव्याशी जुळून राहत नाही. केसासारख्या बारीक भेगा सर्वच जुन्या घरांत असतात. मात्र भेग ५ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, किंवा तिच्या टोकांशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहिल्यावर ती पुढे सरकताना दिसली, तर रंगाचे काम थांबवून स्थापत्य अभियंत्याला दाखवावे.

भिंतीवर आत्ता कोणता रंग आहे हेही कळले पाहिजे. ओल्या बोटाने घासल्यावर पांढरी भुकटी हाताला लागली तर तो चुना किंवा जुना डिस्टेंपर (खडूच्या भुकटीपासून बनवलेला स्वस्त रंग) आहे. तो खरवडून आणि धुऊन काढल्याशिवाय नवा रंग भिंतीला न धरता त्या भुकटीला धरतो आणि तिच्यासकट सुटून येतो. दारे, चौकटी आणि कठड्यावरचा रंग ओळखण्यासाठी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून घासावा. रंग बोळ्यावर उतरला तर तो पाण्यात मिसळणारा आहे. न उतरल्यास बहुधा ऑइल पेंट आहे. ऑइल पेंटच्या गुळगुळीत थरावर पाण्यात मिसळणारा रंग थेट लावल्यास तो नखानेही सोलून निघतो.

पुढची बाब आरोग्याची आहे आणि ती टाळण्यासारखी नाही. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता असते. अमेरिकेत घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगांवर १९७८ मध्ये बंदी आली, तर भारतात अशा रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग इतकी ठरवणारे नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. यावरून, घराचे वय माहीत असेल तर धोक्याचा अंदाज बांधता येईल. असा रंग कोरडा घासल्यास उडणारी धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला आणि गर्भवती स्त्रियांना अपायकारक ठरते. कठड्याच्या रंगाचा छोटा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेणे उत्तम. शिसे आढळले आणि जुना थर घट्ट असला, तर तो न उकरता केवळ ओला घासून त्यावर प्रायमर (रंगाआधी द्यायचा अस्तराचा थर) व नवा रंग चढवावा. थर सुटत असेल तर ते काम प्रशिक्षित माणसाकडे सोपवावे. खुल्या ज्योतीने जुना रंग जाळून काढण्याची पद्धत कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. त्याचप्रमाणे काही देशांत १९८० च्या दशकापर्यंत छतावर दिल्या जाणाऱ्या खडबडीत, दाणेदार लेपात ॲस्बेस्टॉस मिसळत असत. तसे छत असेल तर तपासणी होईपर्यंत ते खरवडू नये.

लाकडाची तपासणी सोपी आहे. कठडा धरून हलवून पाहा, प्रत्येक पायरीवर पूर्ण वजन टाका, आणि वाळवीची माती किंवा किड्यांची बारीक छिद्रे दिसतात का ते पाहा. कठड्याचा हलणारा गज (उभी दांडी) किंवा करकरणारी पायरी आधी स्क्रू व सरस लावून पक्की करावी, कारण सांधा हलता राहिला तर त्यावरचा रंग सर्वप्रथम तडकतो.

२. परवानगी आणि नोंदवही

घर भाड्याचे असल्यास मालकाची लेखी संमती घ्या. जिना अनेक कुटुंबांच्या सामाईक वापरातला असेल तर इमारतीच्या व्यवस्थापनाची, आणि घर वारसा यादीत असेल तर संबंधित अधिकाऱ्यांची परवानगी लागू शकते. याखेरीज एक साधी वही ठेवा. रंगाचे नाव, छटेचा क्रमांक, चमक, वॉलपेपरचा क्रमांक व बॅच, आणि प्रत्येक भिंतीची मापे तिच्यात लिहून ठेवली की दोन वर्षांनी डाग झाकायची वेळ आल्यावर अंदाज बांधत बसावे लागत नाही.

३. लागणारे साहित्य

तयारीसाठी: खरवडण्याची रुंद पट्टी, पुट्टी आणि ती भरायची पाती, ८०, १२०, १८० व २४० क्रमांकांचे सँडपेपर, स्पंज, दोन बादल्या, तेलकटपणा काढणारे साबणाचे द्रावण, जाड कापडी आच्छादने, मास्किंग टेप, धुळीसाठी योग्य दर्जाचा मास्क, चष्मा आणि हातमोजे.

रंगासाठी: डाग अडवणारे प्रायमर, लाकडाचे प्रायमर, भिंतीचा धुता येणारा रंग, लाकडाचा रंग, पायऱ्यांसाठी जमिनीचा टिकाऊ रंग, रोलर व त्याचा लांब दांडा, ५० मिलिमीटर व २५ मिलिमीटरचे ब्रश.

वॉलपेपरसाठी: कागद, त्याच जातीच्या कागदासाठी सांगितलेली खळ, ओळंबा (उभी रेषा तपासायचे, दोरीला बांधलेले वजन), पाणसळ (आडवी पातळी तपासायचे साधन), मोजपट्टी, पेन्सिल, कागद दाबायचा ब्रश, सांध्यावर फिरवायचा छोटा रोलर, लांब कात्री, धारदार पात्याची सुरी आणि भरपूर सुटी पाती.

कापडी आच्छादनांबद्दल थोडे अधिक सांगतो. पायऱ्यांवर प्लास्टिक कधीही अंथरू नये. त्यावर पाय घसरतो आणि सांडलेला रंग ओलाच राहून तळव्यांबरोबर घरभर जातो. जाड सुती कापड घेऊन ते प्रत्येक पायरीच्या कोनात बसवून चिकटपट्टीने पक्के करावे.

४. उंचीवर सुरक्षित पोहोचण्याची सोय

या कामातले सर्वांत गंभीर अपघात इथे होतात. साधी घडीची शिडी तिचे चारही पाय एकाच पातळीवर असतील तरच स्थिर उभी राहते. तिचे दोन पाय एका पायरीवर आणि दोन पाय खालच्या पायरीवर विटा किंवा पुस्तके रचून टेकवणे म्हणजे पडण्याची तयारी करणे होय. जिन्यासाठी पाय वेगवेगळ्या लांबीचे करता येणारी खास शिडी मिळते, आणि जिन्यात उभारण्याची छोटी परांचीही भाड्याने मिळते. भिंत एका मजल्यापेक्षा उंच असेल तर मी परांचीच सुचवेन, कारण वॉलपेपर लावताना दोन्ही हात कामात असतात आणि शिडीला धरून उभे राहता येत नाही.

टेकवायची शिडी वापरायची असल्यास ती दर चार फूट उंचीला एक फूट या प्रमाणात भिंतीपासून दूर टेकवावी. वरची टोके कापडाने गुंडाळावीत आणि खाली एक माणूस ती धरून उभा असावा. एकट्याने घरात असताना जिन्याच्या उंच भागाचे काम हाती घेऊ नये.

५. कामाचा क्रम

क्रम असा ठेवावा: दुरुस्ती, जुना कागद काढणे, पुट्टी व घासकाम, छत, रंगवायच्या भिंती, कठडा, चौकटी, स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी जमिनीलगतची पट्टी) व पायऱ्यांच्या उभ्या फळ्या, मग वॉलपेपर, आणि सर्वांत शेवटी पायऱ्यांचा सपाट भाग.

वॉलपेपर लाकूडकामानंतर ठेवण्याचे कारण असे की लाकडाचा रंग कागदावर उडाला तर तो निघत नाही. खळ मात्र वाळलेल्या रंगावरून ओल्या स्पंजाने सहज पुसता येते. पायऱ्या शेवटी ठेवण्याचे कारण उघड आहे: तोपर्यंत त्यांच्यावर परांची, बादल्या आणि आपले पाय असतात. प्रत्येक टप्प्यात वरच्या मजल्यापासून सुरुवात करून मुख्य दाराकडे उतरत यावे.

६. जुना वॉलपेपर काढणे आणि भिंत तयार करणे

एकूण वेळातला निम्म्याहून अधिक वेळ इथे जातो आणि तो जायलाच हवा. पाणी वापरण्यापूर्वी त्या भागाचा वीजपुरवठा मुख्य फलकावरून बंद करा. कागद विनाइलचा, म्हणजे वर प्लास्टिकचा थर असलेला असेल तर वरचा थर कोपऱ्यातून कोरडाच सोलून निघतो आणि मागचा पातळ थर भिंतीवर राहतो. तो कोमट पाण्याने भिजवून दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यावा आणि रुंद पट्टी भिंतीला जवळजवळ समांतर धरून काढावा. वाफेचे यंत्र जलद काम करते, पण सैल झालेल्या चुन्याच्या गिलाव्यावर ते एकाच जागी धरून ठेवल्यास गिलावाही कागदाबरोबर येतो. जुन्या कागदावरच नवा कागद लावण्याचा मोह टाळावा. नव्या खळीचे पाणी जुन्या थरात मुरले की दोन्ही थर एकत्र सुटतात.

कागद निघाल्यावर भिंत स्वच्छ दिसते, पण तिच्यावर जुन्या खळीचा पारदर्शक पापुद्रा असतो. ओला हात फिरवल्यावर चिकट लागले तर तो आहे असे समजावे. तो धुऊन काढला नाही, तर रंगाला वाळताना बारीक जाळीसारखे तडे जातात, आणि दोष विनाकारण रंगाला दिला जातो. स्वच्छ पाणी वारंवार बदलत भिंत धुवावी आणि पूर्ण वाळू द्यावी.

भेगा भरताना त्या आधी पात्याच्या टोकाने थोड्या रुंद कराव्यात, म्हणजे पुट्टीला धरायला जागा मिळते. खोल खड्डा एकाच वेळी न भरता थर वाळवत भरावा. मग दिवा भिंतीला चिकटवून तिरका धरावा. त्या उजेडात समोरून न दिसणारे सारे उंचवटे उमटतात. जिन्यात हे विशेष आवश्यक असते, कारण वरच्या खिडकीतून किंवा दिव्यातून येणारा प्रकाश भिंतीवर नेहमी तिरकाच पडतो. पाण्याचे पिवळे डाग, काजळी आणि धुराचे डाग साध्या रंगातून पुन्हा वर येतात, म्हणून त्यांवर डाग अडवणारे प्रायमर लावावे. नव्या गिलाव्याचे ठिगळ असेल तर ते पूर्ण वाळेपर्यंत थांबावे आणि क्षार सहन करणारे प्रायमर वापरावे.

७. कुठे रंग आणि कुठे वॉलपेपर

पॅसेजच्या भिंती कमरेच्या उंचीपर्यंत सतत घासल्या जातात. पिशव्या, छत्र्या, सायकलीची मूठ आणि लहान मुलांचे हात या सर्वांचा मार तिथे बसतो. त्यामुळे माझे स्पष्ट मत असे की खालच्या भागाला पुसता येणारा रंग द्यावा आणि वॉलपेपर त्यावरच्या भागात किंवा ज्या भिंतीला कुणाचा स्पर्श होत नाही अशा एखाद्या उंच भिंतीवर लावावा. संपूर्ण जिन्याला वॉलपेपर लावल्यास एक कोपरा फाटताच सगळी भिंत जुनी दिसू लागते.

चमकेचा विचारही करावा. चमकदार रंग पुसायला सोपा, पण जुन्या भिंतीचा प्रत्येक उंचसखलपणा तो दाखवतो. मॅट रंग दोष झाकतो, पण साधा मॅट रंग पुसताना चट्टे पडतात. मधली, किंचित चमक असलेली जात खालच्या भागाला आणि मॅट जात वरच्या भागाला असे विभाजन मला सर्वांत समाधानकारक वाटले.

छटा ठरवताना छोट्या रंगपट्टीवर विसंबू नये. मोठ्या पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात (थर) लावून तो पुठ्ठा खाली दाराशी, मधल्या टप्प्यावर आणि वरच्या मजल्यावर, सकाळी आणि रात्री दिवे लावून पाहावा. एकच छटा वर उजळ आणि खाली मळकट दिसू शकते. वरच्या टप्प्यावर उघडणाऱ्या सर्व दारांतून खोल्यांचे रंग एकाच वेळी दिसतात, तेव्हा पॅसेजचा रंग त्या सर्वांशी जुळता असावा. दोन रंग जिथे भेटतात ती रेषा आतल्या कोपऱ्यात किंवा चौकटीपाशी ठेवावी. बाहेर आलेल्या कोपऱ्यावर ती सुबक राहत नाही.

८. छत, भिंती आणि तिरकी रेषा

छताला व भिंतींना प्रायमरनंतर रंगाचे दोन हात लागतात. इमल्शनचा (पाण्यात मिसळणाऱ्या भिंतीच्या रंगाचा) एक लिटर डबा तयार भिंतीवर एका हाताला साधारण १० ते १२ चौरस मीटर जागा झाकतो. खडबडीत जुन्या गिलाव्यावर त्याहून कमी. एकाच छटेचे अनेक डबे असतील तर ते मोठ्या बादलीत एकत्र मिसळून घ्यावेत. उंच भिंत एका बैठकीत, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण करावी, कारण मध्येच थांबल्यास वाळलेल्या कडेवर दुसरा थर चढतो आणि तिथे कायमची पट्टी दिसते.

खालचा आणि वरचा भाग वेगळा ठेवायचा असेल तर जिन्यावर विभाजनाची रेषा तिरकी जाते. इथे गोंधळ होतो, म्हणून सविस्तर सांगतो. उंची नेहमी पायरीच्या पुढच्या कडेपासून सरळ उभी मोजायची, भिंतीवर तिरकी नाही. समजा ९० सेंटीमीटर उंची ठरवली, तर सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या पायरीच्या कडेपासून ९० सेंटीमीटरवर खूण करा, खडूची पूड लावलेले सूत दोन खुणांमध्ये ताणून धरा आणि मधोमध उचलून सोडा. भिंतीवर सरळ रेषा उमटते. वरच्या टोकाला ही रेषा त्या मजल्यावरच्या ९० सेंटीमीटरच्या आडव्या रेषेला बरोबर शेवटच्या कडेवर मिळते. खालच्या टोकाला मात्र ती पहिल्या पायरीच्या कडेवर न थांबता साधारण एका पायरीच्या रुंदीइतकी पुढे जाऊन पॅसेजच्या आडव्या रेषेला मिळते. ही गोष्ट माहीत नसल्यास रेषा चुकली असे वाटून ती उगाच वाकवली जाते. जुन्या घरात पायऱ्याही सारख्या मापाच्या नसतात, तेव्हा मधल्या पायऱ्यांवर मोजताना एखादा सेंटीमीटर फरक आला तरी सूत सरळच ठेवावे. डोळ्यांना पायरीचा फरक दिसत नाही, वाकडी रेषा मात्र लगेच दिसते.

९. कठडा आणि उभ्या फळ्या

कठड्याच्या वरच्या दांड्यावर वर्षानुवर्षांच्या हातांचा तेलकट थर असतो. तो साबणाच्या द्रावणाने धुतल्यानंतरच लाकूड घासावे. आधी घासल्यास तेल लाकडात आणखी खोल जाते आणि रंग धरत नाही. गजांसाठी सँडपेपरची अरुंद पट्टी करून ती दोरीप्रमाणे मागेपुढे ओढावी. लाकडातील गाठींतून राळ पाझरून पिवळे डाग येतात, म्हणून गाठींवर चपडी लाखेचा हात द्यावा. गज आतल्या बाजूपासून बाहेर आणि वरून खाली रंगवत, प्रत्येक गजाच्या तळाशी जमणारा ओघळ लगेच टिपून घ्यावा.

हाताखालचा दांडा चांगल्या लाकडाचा असेल तर त्याला अपारदर्शक रंग देऊ नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. गज रंगवून दांड्यावरचे लाकूड पॉलिश किंवा व्हार्निशखाली उघडे ठेवल्यास ते सुंदर दिसते आणि रंगाप्रमाणे टवके उडत नाहीत. जवसाच्या तेलाने पॉलिश करणार असाल तर एक इशारा द्यायला हवा: असे तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास त्या वाळताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. त्या बाहेर पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या धातूच्या डब्यात बुडवून ठेवाव्यात.

१०. वॉलपेपर किती लागेल

खोलीच्या क्षेत्रफळावरून केलेला हिशेब जिन्यात हमखास चुकतो. एका प्रचलित मापाचा रोल ५३ सेंटीमीटर रुंद आणि १०.०५ मीटर लांब असतो, आणि खरा प्रश्न एका रोलमधून किती अखंड पट्ट्या निघतात हा असतो. समजा जिन्यातली सर्वांत उंच पट्टी ४.८ मीटर आहे. वर-खाली कापण्यासाठी १० सेंटीमीटर धरले की ४.९ मीटर झाले. साध्या कागदाच्या एका रोलमधून दोन पट्ट्या निघतील. आता कागदावर नक्षी आहे आणि ती दर ६४ सेंटीमीटरला पुन्हा येते असे धरा. पट्टीची लांबी ६४ च्या पटीत घ्यावी लागेल, म्हणजे ८ पट, ५.१२ मीटर. आता एका रोलमधून एकच पट्टी निघते आणि उरलेला जवळजवळ निम्मा रोल आखूड भिंतींवर वापरावा लागतो. जिन्यासाठी लहान नक्षीचा किंवा नक्षी जुळवावी न लागणारा कागद घ्यावा असे मी म्हणतो, ते यामुळे.

तिरक्या रेषेवर लावायच्या पट्टीची लांब कड मोजायची. जिन्याचा चढ ३७ अंशांच्या आसपास असेल तर एकाच पट्टीच्या दोन कडांत सुमारे ४० सेंटीमीटरचा फरक पडतो. सर्व रोल एकाच बॅचचे असल्याची खात्री करून घ्यावी आणि एक रोल जास्त घ्यावा. नंतर तीच बॅच मिळत नाही आणि छटेतला सूक्ष्म फरक उंच भिंतीवर स्पष्ट दिसतो.

नवशिक्याने खळ थेट भिंतीवर लावायचा न विणलेल्या तंतूंचा कागद निवडावा. साधा कागद खळीने फुगतो, त्याला ठरावीक वेळ मुरू द्यावे लागते, आणि पाच मीटरची ओली पट्टी स्वतःच्या वजनाने ताणली जाते. न विणलेला कागद फुगत नाही आणि कोरडाच वर नेता येतो.

११. वॉलपेपर लावणे

पहिली पट्टी सर्वांत उंच जागी लावा आणि तिच्या दोन्ही बाजूंना सरकत जा. भिंतीच्या कोपऱ्याचा किंवा चौकटीचा आधार धरू नका, जुन्या घरात त्या सरळ नसतात. ओळंबा सोडून उभी रेषा आखा आणि पहिली पट्टी तिला लावा. वर एक माणूस आणि खाली पट्टीचे वजन सांभाळणारा दुसरा, अशी दोन माणसे इथे लागतातच. खळ पट्टीच्या रुंदीपेक्षा थोडी अधिक जागेवर लावावी, ब्रश मधून कडेकडे फिरवून हवा काढावी आणि कडेला आलेली खळ ओल्या स्पंजाने तत्काळ पुसावी. नक्षी डोळ्यांच्या पातळीवर अचूक जुळवावी. बारीक फरक छताजवळ गेला तर तो लक्षात येत नाही.

आतल्या कोपऱ्यात पूर्ण पट्टी वळवू नये. पट्टी उभी कापून तिचा एक-दोन सेंटीमीटर भाग पुढच्या भिंतीवर वळवावा, नवीन भिंतीवर पुन्हा ओळंबा धरावा आणि उरलेला तुकडा त्या वळलेल्या कडेवर बसवावा. स्विचच्या जागी वीज बंद असल्याची पुन्हा खात्री करून कागदाला तिरके छेद द्यावेत आणि स्विचचे झाकण सैल करून कागदाच्या कडा त्यामागे घ्याव्यात. धातूचा थर असलेला कागद मात्र असा मागे घेऊ नये, कारण त्यातून वीज वाहू शकते. पाते दोन-तीन कापांनंतर बदलावे, बोथट पाते ओला कागद कापत नाही, फाडते.

कागद वाळेपर्यंत पंखा आणि दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात. घाईने वाळल्यास सांधे आक्रसून उघडतात.

१२. पायऱ्या

दगडी पायऱ्या रंगवू नयेत, स्वच्छ करून तशाच ठेवाव्यात. लाकडी पायऱ्यांना जमिनीचा रंगच वापरावा आणि शेवटच्या हातात घसरण रोखणारी बारीक पूड मिसळावी किंवा कडांवर खरखरीत पट्ट्या लावाव्यात. वाट चालू ठेवण्यासाठी एक सोडून एक पायरी रंगवण्याची पद्धत आहे. घरात लहान मुले किंवा वृद्ध असतील तर ती वापरू नये. त्याऐवजी सर्वांनी खालच्या मजल्यावर झोपण्याची सोय करून रात्री वरून खाली सगळ्या पायऱ्या एकदम रंगवाव्यात.

हाताला कोरडा लागणारा रंग आतून कडक झालेला नसतो. काही तासांनी अनवाणी चालता येते, पण पूर्ण कडक होण्यास काही आठवडे लागू शकतात. तोपर्यंत पायऱ्यांवर गालिचा अंथरू नये, जड सामान ओढू नये आणि ओल्या फडक्याने घासू नये. वॉलपेपरचा एखादा सांधा या काळात उचलला गेला, तर त्याच्या मागे बारीक ब्रशने सांध्याची खळ लावून छोटा रोलर हलकेच फिरवावा. जोरात दाबल्यास खळ बाहेर येते आणि सांध्यावर चमकदार रेघ राहते. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या लहान बाटलीत भरून तिच्यावर छटा, भिंत आणि तारीख लिहावी आणि उरलेल्या कागदाच्या गुंडाळीसह कोरड्या, सावलीच्या जागी ठेवावा.